गिऱ्हाइकाकडे तोंड असलेला स्क्रीन

डोमाजींचा अंगठा लागत नव्हता. एकतीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग फिरवून बोटांवरच्या रेषा पार झिजून गेल्या होत्या, आणि मशीन दरवेळी लाल होऊन सांगत होतं की हा माणूस सापडत नाही. नोव्हेंबर होता. नोव्हेंबरात पुसदच्या बसस्टँडसमोरच्या त्या आठ बाय दहाच्या ऑनलाइन सेंटरात म्हातारी माणसं आपण अजून जिवंत आहोत हे सांगायला यायची. हयातीचा दाखला निघाला नाही तर पेन्शन बंद. संघदीपनं त्यांचा अंगठा आपल्या हातात घेतला, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, रुमालानं पुसला, पुन्हा दाबला. लाल. "घे," डोमाजी म्हणाले, "सरकारच्या मतानं मी गेलो वाट्टे." संघदीप हसला. "थांबा ना मामाजी, आता चेहऱ्यानंबी होते. ते पान काढतो." असं म्हणून त्यानं नवीन टॅब उघडला. एवढंच. नवीन टॅब. दिवसातून दोनशे वेळा उघडतो तसाच.

पान उघडलं. वर ब्राउझरचं, मिटलेल्या डोळ्याचं चित्र, त्याच्या खाली नेहमीचा आकडा: आजवर एवढे हजार पाठलाग अडवले. आणि त्याच्याही खाली, जिथं कालपर्यंत काहीच नव्हतं, तिथं एक पांढरा चौकोन. 'दुसऱ्या डिव्हाइसवर उघडं आहे.' त्याखाली त्याच्या बहिणीचं नाव: ममता. आणि ममताच्या खाली चार ओळी. सिकलसेल वाहक मुलीनं लग्नाआधी सांगावं का. पिवळं कार्ड असेल तर लग्न होतं का. मुलाला तपासणी करायला कसं सांगावं. आधी घरी कोणाला सांगावं.

संघदीपनं टॅब बंद केला. किती वेळात केला? हा प्रश्न त्याला पुढं कितीतरी दिवस खात राहिला. दोन सेकंद? चार? चार ओळी त्यानं स्वतः वाचल्या होत्या, म्हणजे वाचण्याइतका वेळ तर गेलाच होता. आणि त्याच्यासमोर जे होतं तेच डोमाजींच्या समोर होतं, त्याच्यापेक्षा मोठं होतं, कारण गिऱ्हाइकाकडे तोंड असलेला दुसरा स्क्रीन बत्तीस इंची होता. चेहऱ्याच्या तपासणीसाठी संघदीपनं मोबाईल त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाला, चष्मा काढा मामाजी, आता डोळे मिटा, आता उघडा. मशीनला पापणी हललेली दिसली की माणूस जिवंत. डोमाजींनी डोळे मिटले, उघडले. हिरवं झालं. दाखल्याचा कागद घडी करून खिशात टाकत ते उठले आणि दारातून म्हणाले, "ममताची परीक्षा कवा हाये बापू?" "जानेवारीत." "बरं बरं. जय भीम." "जय भीम मामाजी." आणि गेले. ममताचं ज्याच्याशी ठरत होतं, त्या नेरच्या मुलाचे डोमाजी सख्खे मामा. त्यांनीच हे स्थळ आणलेलं. तीस तारखेला साक्षगंध होतं, साखरपुडा.

चष्मा काढा म्हटल्यावर त्यांनी चष्मा कुठून काढला? डोळ्यांवरून की कपाळावरून? संघदीप आठवून पाहायचा. हात वर गेला, चष्मा खाली आला, शर्टाच्या खिशात गेला. हात वर गेला इथपर्यंत चित्र साफ दिसायचं. पुढं नाही. कपाळावर असेल तर जवळचं त्यांना दिसतच नव्हतं. पण मग लांबचं दिसत होतं. तो स्क्रीन त्यांच्यापासून हातभर होता. हातभर म्हणजे जवळ की लांब? आणि हा माणूस आयुष्यभर समोरून सत्तरच्या स्पीडनं येणाऱ्या गाडीची पाटी वाचत आलेला. त्याला चार ओळींना किती वेळ लागणार. आणि ममताची परीक्षा कवा हाये, हे त्यानं काहून विचारलं? सहज विचारलं असेल. होणाऱ्या भाचेसुनेची परीक्षा, कोणीही विचारेल. पण मग आल्याआल्या का नाही विचारलं, ते नाव स्क्रीनवर दिसल्यानंतरच का?

ममताला सिकलसेलचं पिवळं कार्ड आहे. म्हणजे आजार नाही, रक्तात ते वाहून नेते फक्त. हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि ज्या क्षणी डोमाजींना कळलं असेल त्याच क्षणी कळलं. सख्खी बहीण. एका घरात, एका ताटलीत वाटून खाल्लेली.

तो दुसरा स्क्रीन त्यानं स्वतः आणला होता. चार वर्षांपूर्वी एक म्हातारी दुकानात येऊन खूप बोलली होती, की तू अंगठा घेतं, टकटक काहीतरी लिवतं, आमाले काय दिसते बाप्पा तू काय लिवून राह्यला ते. तिचं खरं होतं. जिल्ह्यात कुठं ना कुठं कोणीतरी कोणाच्या अंगठ्यावर काहीतरी करून ठेवायचंच. संघदीपनं सेकंडहँड टीव्ही घेतला, भिंतीला ठोकला, गिऱ्हाइकाकडे तोंड करून, आणि बाहेर पाटी लावली: तुमचं काम तुमच्या डोळ्यासमोर. लोक यायला लागले. टाइप होताना आपलं नाव बघत बसायचे, सिनेमा पाहावा तसे. त्याला बरं वाटायचं. बारावीनंतर कॉलेज सुटलेलं, कॉम्प्युटर कोणी शिकवला नाही, सायबर कॅफेत दुसऱ्यांच्या खांद्यावरून पाहून शिकला. ज्याला चोरून पाहावं लागलं होतं तो आता सगळं उघडं ठेवत होता. त्याच्या मनात असं काहीतरी होतं. मोठं वाटायचं स्वतःलाच.

आणि तो डोळ्याचा ब्राउझर. तोही त्यानंच शोधला, दोन वर्षांपूर्वी. आपण काय वाचतो, काय शोधतो हे सगळं कंपन्या गोळा करतात आणि विकतात हे त्याला व्हिडिओ बघून कळलं होतं. त्यानं मायच्या गुडघ्याचं तेल शोधलं आणि आठ दिवस त्याला गुडघेच दिसत राहिले. मग हा ब्राउझर सापडला. पाठलाग अडवतो. काही साठवत नाही. कोड सगळ्यांसाठी उघडा, कोणीही वाचून बघावा. संघदीपनं उघडून बघितला होता. काहीच कळलं नाही. पण कोणीतरी वाचला असेल ना, जगात कुठंतरी कोणीतरी बसून ओळन् ओळ वाचली असेल, या भरवशावर त्यानं तो दुकानात टाकला, मायच्या मोबाईलमध्ये टाकला, ममताच्या टाकला, येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही फुकटात टाकून द्यायला लागला. लोक त्याला 'डोळा' म्हणायचे. "तो डोळा टाकून दे बाबू मह्याबी मोबाईलमंदी." सकाळी दुकान उघडलं की तो आधी तो आकडा बघायचा. आज एवढे अडवले. घरात कोणी शिरायला बघत होतं आणि आपण दार लावून घेतलं, तसं वाटायचं.

बबलू हसायचा. बबलू तांड्यावरून रोज मोटरसायकलनं यायचा आणि दुकानाच्या दाराशी एका टेबलावर मोबाईल दुरुस्त करायचा. अर्धं भाडं त्याचं. "फुकट कोण काय देते बे?" तो स्क्रू तोंडात धरून म्हणायचा. "तुह्या त्या डोळ्याचा मालक कोण? नाव सांग. गाव सांग. कोणाचा पोरगा?"

"मालक कायले पायजे? कोड उघडा हाये त्याचा."

"तुनं वाचला?"

"मी नाही, पण..."

"पण दुसऱ्यानं वाचला असन. अन् दुसरा म्हणते तिसऱ्यानं वाचला असन." बबलूनं स्क्रू काढून चुंबकावर ठेवला. "हे पाय, मी टच बदलतो. बाईचा मोबाईल असो, पोलिसाचा असो. चालू करून पाहा लागते का नाही? फोटो दिसतेच. मी पाहत नाही ते वेगळं. पण दिसतेच. अन् मले लोक ओळखतात. काही केलं त मह्या दारात येऊन मले जोड्यानं हाणतीन. तुह्या डोळ्याले कोण हाणन?"

"म्हणून त मशीन बरी. माणसावर भरवसा ठेवाचं काम नाही राहत."

"मंग ते मशीन कोणी बनवली, म्हशीनं?"

दुकानातली चार माणसं हसली होती. संघदीपही हसला होता. हे दिवाळीच्या आधीचं. दिवाळीनंतर डोळ्याचं अपडेट आलं आणि त्यानं नवीन टॅबच्या पानात तो पांढरा चौकोन आणून ठेवला. आधी तो आत कुठंतरी होता, तीन ठिकाणी दाबल्यावर दिसायचा. अपडेटनं तो दर्शनी भागात आणून मांडला. विचारलंही नाही. की विचारलं होतं? काहीतरी आलं होतं खरं त्याच सकाळी, डोमाजींच्या जरा आधी, 'नवीन काय आहे ते पाहा', आणि समोर सात माणसं उभी होती म्हणून त्यानं 'पुढे' दाबलं, 'पुढे' दाबलं, 'ठीक आहे' दाबलं.

आणि साखळी? ममताचा मोबाईल आणि दुकानाचा कॉम्प्युटर एकमेकांना जोडले कोणी? त्यानंच. मागच्या उन्हाळ्यात. ममता लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होती, भरतीच्या जागा निघाल्या की घरून मोबाईलवर पान काढून ठेवायची आणि अर्ज तो दुकानात भरायचा. सारखी लिंक पाठव, लिंक पाठव करण्यापेक्षा त्यानं दोन्ही एका साखळीत जोडून टाकले. काय काय जोडायचं असं डोळ्यानं विचारलं होतं, पाच-सहा चौकोन होते, आणि त्यानं सगळ्यात वरचा दाबला: सगळं. दोन मिनिटांचं काम. ममता चहा घेऊन शेजारीच उभी होती. तिला तो म्हणाला होता, "यातून बाहेर काहीच जात नाही. तू अन् हा मोबाईल, बस. काहीबी शोध." ती म्हणाली होती, "काहीबी?" तो म्हणाला होता, "काहीबी." हे 'काहीबी' त्याला आता वेगळंच ऐकू यायला लागलं. त्या वेळी ती हसून म्हणाली असं वाटलं होतं. आता वाटत होतं, तिनं विचारलं होतं.

दोन दिवस तो घरी गेला, जेवला, झोपला, आला. ममताशी बोलला नाही. म्हणजे बोलला, मीठ दे, चार्जर कुठं आहे, पेट्रोल संपलं. ती ओट्याशी उभी असायची, पाठमोरी, आणि तिच्या मानेखालच्या हाडाकडं पाहताना त्याला वाटायचं की आपण अजूनही तो टॅब उघडा ठेवून बसलोय. तिला सांगावं का, की मला कळलंय? सांगितलं तर कसं कळलं हे सांगावं लागेल. ते सांगितलं तर डोमाजी सांगावे लागतील. आणि डोमाजींनी वाचलंच नसेल तर? उगाच कशाला. तीस तारीख बारा दिवसांवर होती. रुखमाबाई, त्याची माय, खोलीत साक्षगंधाचं पातळ उलगडून पुन्हा घडी घालत होती, दिवसातून तीनदा. "रंग बरा हाये ना रे?" "बरा हाये माय."

पिवळं कार्ड. ही गोष्ट त्यांच्या लोकांत दर चार घरांआड निघते आणि कोणी बोलत नाही. शिबिरं होतात, रक्त घेतात, कार्डं देतात, आणि ती कार्डं ट्रंकेच्या तळाशी जातात. संघदीपला विशाखा आठवत होती, सगळ्यांत मोठी बहीण. तिच्या वेळी कार्ड नव्हतं, नावही नव्हतं. वाताचं दुखणं म्हणायचे. थंडी पडली की तिचे गुडघे, कोपरं, पाठ धरायची आणि ती उशीत तोंड खुपसून ओरडायची. बाप वीट चुलीत तापवून, चिंधीत गुंडाळून आणायचा. ती वीट तिच्या गुडघ्यावर धरायचं काम संघदीपचं. सात वर्षांचा होता. चिंधीतून चटका बसायचा, पण सोडायची नाही, कारण सोडली की ती म्हणायची, "धर ना रे संघ्या, धर." एकदा त्याचा डोळा लागला आणि वीट घसरली. त्यानंतर चार दिवसांनी ती गेली, दवाखान्यात, सकाळी, अकरा वर्षांची. विटेचा आणि त्याचा काही संबंध नाही हे त्याला फार नंतर कळलं. दोन्हीकडून, आईकडून आणि बापाकडून आल्याशिवाय तसं होत नाही, हे तर त्याला आत्ता, या दोन दिवसांत कळलं. म्हणजे माय वाहक, बाप वाहक. ममता वाहक. आणि तो? त्यानं कधी तपासलंच नव्हतं. त्याची बोटं दिवसभर लोकांच्या अंगठ्यांवर असायची. स्वतःचं बोट त्यानं कधी कोणासमोर धरलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी नेरहून फोन आला. मायच्या मोबाईलवर आला, मुलाच्या बापाचा. पाच मिनिटं माय नुसती हो हो म्हणत राहिली. मग तिनं संघदीपला दुकानात फोन केला. आवाज कसा अगदी साधा होता तिचा, दूध नासलं हे सांगावं तसा. "ते नाही म्हणून राह्यले रे."

"काहून?"

"पोराचं मन नाही म्हणे सध्या. नोकरीचं पक्कं होऊ दे म्हणे."

"नोकरी त पक्कीच हाये त्याची."

"मी काय विचारू मंग? बाईमाणूस मी. तू विचार."

त्यानं विचारलं नाही. डोमाजींचा नंबर काढला, बघत बसला, पुन्हा ठेवला. काय विचारणार होता? मामाजी, तुम्ही वाचलं का? विचारणं म्हणजेच सांगणं होतं. वाचलं नसेल तर आता वाचायला देणं. बबलू टेबलावरून बघत होता. "काय झालं बे? तोंड कायले असं?" "काही नाही." "काही नाही म्हणणारे लोकच मोबाईल पाण्यात पाडून आणतात," बबलू म्हणाला, आणि संघदीप हसला नाही तसा पुन्हा स्क्रू शोधायला लागला.

त्यानंतरचे दिवस तो शोधत होता. काय शोधत होता हे त्याला कळत होतं आणि कळलेलं नको होतं. इंग्रजीत लिहिलेली लांबच लांब पानं, परदेशातली माणसं एकमेकांशी भांडतायत, हा ब्राउझर खरा की खोटा. एक एक शब्द डिक्शनरीत बघत तो वाचायचा, गिऱ्हाईक नसलं की. मोठा स्क्रीन बंद ठेवायचा आता. लोक विचारायचे, टीव्ही बिघडला का. वाचता वाचता त्याला एक जागा सापडली. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी पकडलं होतं, की डोळा कोणतं पान किती वेळ उघडं राहतं ते मोजून आपल्या कंपनीला पाठवतो, 'सुधारणेसाठी'. कंपनीनं माफी मागितली होती आणि ते काढून टाकलं होतं. संघदीपनं ते दोनदा वाचलं. गंमत बघा. ज्याच्यावर दोन वर्षं विश्वास ठेवला तो खोटा निघाला म्हणून माणसाला बरं वाटत होतं. त्याला तो खोटाच हवा होता. पार सडलेला, चोर, घराघरात कान लावणारा हवा होता. म्हणजे मग तो बत्तीस इंची स्क्रीन, ते 'सगळं' दाबणं, ते 'पुढे, पुढे, ठीक आहे' हे सगळं धुतलं गेलं असतं. पण खाली आणखी लिहिलेलं होतं: तो फक्त वेळ मोजायचा, पानाचं नाव नाही, आणि साखळीतली माहिती कुलूपबंद जाते, कंपनीलाही वाचता येत नाही, ज्या दोन मशीन जोडल्या त्यांनाच दिसते. कोणीतरी बाहेरच्यानं तपासून सांगितलं होतं. म्हणजे डोळ्यानं शब्द पाळला होता. पुसदपासून कुठल्या कुठल्या देशापर्यंतच्या वायरीत कोणालाही ममताचं रक्त दिसलं नव्हतं. दिसलं ते फक्त त्याच्या दुकानात, भिंतीवर, ट्यूबलाइटखाली.

की हेही खोटं? ज्यानं तपासलं त्याला कोणी तपासलं? आणि नेरवाल्यांना दुसरीकडूनही कळलं असेल. शिबिरातल्या कोणा बाईनं सांगितलं असेल. तिच्या कॉलेजातून कळलं असेल. कदाचित खरंच पोराचं मन नसेल. असं सगळं सगळं असू शकत होतं, आणि एवढ्या भोकांतून एकच भोक आपलं आहे म्हटलं तर ते किती लहान. तो हे मनात घोळवायचा आणि प्रत्येक वेळी शेवटी तिथंच येऊन थांबायचा: हात वर गेला, चष्मा खाली आला.

रविवारी दुपारी दुकान बंद होतं. माय वॉर्डातल्या विहारात गेली होती. ममता दारात बसून तूर सोलत होती, मांडीवर सूप. मोबाईल शेजारी पालथा. तो आतून पाणी पिऊन आला आणि उंबऱ्याशी बसला.

"दादा," ती म्हणाली, वर न पाहता, "त्यायले कसं कळलं असन?"

तो 'काय' असं म्हणू शकला असता. म्हणाला नाही. "तुले कसं माहीत त्यायले कळलं म्हणून?"

"त्या पोरानं मले मेसेज केला. एकच ओळ. 'आधी सांगायला पाहिजे होतं.' बाकी काही नाही." तिनं एक किडकी शेंग बाजूला फेकली. "मी कोणालेच सांगतलं नव्हतं. कार्ड मह्या पुस्तकात हाये. कोणाले नाही. फक्त मोबाईलमंदी..." ती थांबली. "तू म्हणत होता ना, यातून काही जात नाही."

आता. त्याला वाटलं, आता. तोंड उघडलं की बाहेर पडेल. डोमाजी, अंगठा, नवीन टॅब. ते शब्द जिभेवर आलेले त्याला जाणवले, चिंधीतल्या विटेसारखे. आणि त्यानं दुसरंच ऐकलं, स्वतःच्याच आवाजात. "त्या डोळ्याचंच काम हाये ते. मी वाचलं. पकडलं होतं त्यायले आधीबी, तीन वर्षांआधी. कंपन्या अशाच राहतात. आपली माहिती घेतात, कोणाले विकतात, कुठून कुठी जाते. अशानंच गेली असन नेरले."

"नेरले," ती म्हणाली.

"हो ना. आता काय सांगता येते. भरवसा कोणावरच नाही राह्यला." त्याचा आवाज त्याला फार समजूतदार वाटत होता. "आण मोबाईल, काढूनच टाकतो तो."

तिनं हात पुसले. मोबाईल उचलला, उघडला, दोनतीन ठिकाणी दाबलं आणि त्याच्या हातात दिला. डोळा उघडला होता. साखळीचं पान. 'या साखळीतली डिव्हाइस: २.' पहिलं, ममता. दुसरं, दुकान. नाव त्यानंच टाकलं होतं, उन्हाळ्यात, तिच्यासमोर.

"मले माहीत होतं दादा," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासून दिसत होतं ते. दुकान म्हणून."

तो स्क्रीनकडंच बघत राहिला.

"मले कायले शोधा लागते ते? मी शिकतेच ना तेच. आमची प्रॅक्टिकलं एकमेकायच्या रक्तावर राहतात. ट्यूबच्या मांगं रेघोट्याचा कागद धरतात. रक्त साधं असलं त रेघा दिसतात. मह्या ट्यूबमंदून दिसल्या नाहीत. साऱ्या पोरी पाहून राह्यल्या होत्या, मी म्हटलं मह्यानं काहीतरी चुकलं, अन् ओतून टाकलं. मंग एकटीच जाऊन पक्कं तपासलं, अन् कार्ड भेटलं." ती बोलताना हसल्यासारखी झाली. "घरी कशी सांगू? मायले सांगतलं त ते विशाखाताईचं काढून रडत बसन. तुले तोंडानं सांगता आलं नसतं मले. मंग म्हटलं, दादाच्या कॉम्प्युटरवर दिसतेच ना हे. लिवत गेली. रोज एक. आधी घरी कोणाले सांगावं, ते त तुलेच विचारून राह्यली होती मी. टॅब बंदच करत नव्हती, तुह्या नजरेस पडू दे म्हणून. म्हटलं एक दिवस जेवताना म्हणन तू, काय गं ममता, अन् मंग आपण दोघं नेरले जाऊ, त्या पोराचं रक्त तपासायले सांगू. त्याचं साधं निघालं त काहीच नव्हतं ना. काहीच भेव नव्हतं."

विहाराकडून भोंग्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

"तू कधीच नाही पाह्यलं?"

"नाही."

"चार महिने?"

"ते आत राहत होतं," तो म्हणाला. "मी उघडलंच नाही. तुह्यं हाये म्हणून." हे खरं होतं. एवढं एकच त्या दुपारी त्यानं खरं सांगितलं, आणि तेच सगळ्यांत वाईट वाटलं कानाला.

ममतानं मान हलवली. सूप मांडीवर ओढून घेतलं. "मंग कोणी पाह्यलं?" तिनं विचारलं. विचारलं असंही नाही, शेंगेला म्हणाली. त्यानं उत्तर दिलं नाही आणि तिनं वर पाहिलं नाही, आणि तेवढ्यात तिला कळलं असावं, कारण तिची बोटं एक शेंग अर्धी उघडून तशीच थांबली. मग तिनं ती सोलली. दाणे काढले. टरफल टाकलं.

"दे," ती म्हणाली. मोबाईल त्याच्या हातातून घेतला आणि स्वतःच दाबलं. डोळ्यानं विचारलं: साखळी तोडायची? यापुढे इथलं तिथं दिसणार नाही. तिनं 'हो' दाबलं. त्यानं पुन्हा विचारलं, नक्की? तिनं पुन्हा दाबलं.

सोमवारी त्यानं दुकान उघडलं. बबलू अजून आला नव्हता. बाहेर तीन म्हातारे बाकावर बसले होते, हयातीचे. त्यानं कॉम्प्युटर चालू केला, नवीन टॅब उघडला. वर मिटलेला डोळा, त्याखाली आकडा, कालच्यापेक्षा वाढलेला. आणि खाली पांढरा चौकोन. 'दुसऱ्या डिव्हाइसवर उघडं आहे.' त्याखाली लिहिलं होतं: इथं काही नाही. तो ते बघत बसला. मग त्यानं टॅब बंद केला आणि पुन्हा उघडला. इथं काही नाही. पुन्हा उघडला. पहिला म्हातारा आत येऊन खुर्चीवर टेकला आणि भिंतीवरच्या काळ्या स्क्रीनकडं बघत म्हणाला, "लाव ना बाबू तो, दिसू दे आमालेबी." अंगठा पुसून त्यानं पुढं केला.